साच्यातला बुडबुडा

"माणूस खोटं बोलतो, आरसा खोटं बोलतो, फोटो तर बोलतोच बोलतो. पण प्लॅस्टरचा साचा आजवर खोटं बोललेला नाही आणि पुढेही बोलणार नाही," असं कवळीमास्तरांनी दुकानात जाहीर केलं, तेव्हा पडद्यामागच्या स्वयंपाकघरात त्यांची बायको खालची कवळी काढून साबणाच्या डबीत ठेवत होती आणि चहात बुडवलेला पाव हिरड्यांनी चघळत होती.

हे वाक्य मास्तर प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवत आणि ऐकवताना मागच्या भिंतीकडे हात करत. भिंतभर फळ्या होत्या आणि फळ्यांवर जबडे होते. वरचे, खालचे, रुंद, चिंचोळे, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीने मालकाचं नाव. बरेचसे मालक आता नव्हते, जबडे होते. मास्तरांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत. रस्त्यात कुणी हाक मारली की ते थांबत, अघळपघळ हसत, आणि समोरचा हसेपर्यंत वाट बघत. तो हसला की मग ओळख पटे.

दुकान पुढे, घर मागे आणि मध्ये एक पडदा. दातांचे डॉक्टर ठसे पाठवत, मास्तर त्यात प्लॅस्टर ओतत, साचा काढत, त्यावर मेणात दात मांडत आणि शिजवून, घासून, चकाकवून कवळी परत करत. काही गिऱ्हाइकं थेट येत. त्यांच्या तोंडात ठशाच्या लगद्याने भरलेला पत्र्याचा चमचा घालून मास्तर लगदा घट्ट होईपर्यंत छताकडे बघत राहत. कुणाच्या तोंडात डोकावणं त्यांना कुणाच्या न्हाणीघरात डोकावण्यासारखं वाटे. "तोंडात बघायचं डॉक्टरांनी. आम्ही साच्यात बघतो," असं ते म्हणत, आणि हे त्यांचं दुसरं आवडतं वाक्य होतं.

त्यांची एकही कवळी कधी परत आली नव्हती. म्हणजे, आल्या होत्या. पण त्या प्रत्येक वेळी दोष तोंडाचा निघाला होता.

बायकोचे दात लवकर गेले. ते गेले तेव्हा मास्तरांचा हात ऐन भरात होता, त्यामुळे त्यांना वाईट वाटलं नाही. त्यांनी तिला वरची आणि खालची अशा दोन कवळ्या करून दिल्या, आणि तेव्हापासून ती त्यांच्या दुकानाची पाटी झाली. गिऱ्हाईक कचरलं की मास्तर पडद्याकडे तोंड करून म्हणत, "अगं, जरा ये." ती हात पुसत येई, टोपलीतलं सफरचंद उचले, कच्चकन चावा घेई आणि आत जाई. एवढंच तिचं काम. बाकीचं, म्हणजे स्वयंपाक, धुणी, प्लॅस्टरची पोती झाकून ठेवणं, दुकान झाडणं, हे मास्तर कामात धरत नसत.

एका दुपारी निवृत्त हेडमास्तर आले. शाळा सुटली होती, पण संशय सुटला नव्हता.

"खाता येईल ना हो? मला शोभेची वस्तू नकोय."

"शोभेची?" मास्तर दुखावल्यासारखे हसले. "अगं, जरा ये."

ती आली. दाराशीच हळू आवाजात म्हणाली, "आज नको. डावीकडे टोचतंय."

"टोचतंय तर उजवीकडून खा. दोन बाजू कशाला दिल्यात?"

तिने सफरचंद उचललं, डोळे मिटले आणि चावा घेतला. कच्च असा आवाज आला. मग तिने सफरचंद तोंडापासून लांब केलं आणि खालची कवळी सफरचंदाबरोबर बाहेर आली. लालबुंद सालीत घट्ट रुतलेली, गुलाबी, चकाकती, सगळ्यांकडे बघून हसणारी.

हेडमास्तरांनी चष्मा वर केला. बराच वेळ निरखून पाहिलं.

"छान बसलीय हो," ते म्हणाले. "सफरचंदाला."

आणि विचार करून येतो म्हणून गेले ते आलेच नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र त्यांनी ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली, की मुलांना शिकवल्याचं समाधान त्यांना पुन्हा मिळू लागलं.

मास्तरांची दातखीळ बसली. ते ओरडले नाहीत. ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते चारचौघांत विनोद करत, आणि तो जास्त लागे. त्या दिवसापासून त्यांनी बायकोचं नाव तक्रारपेटी ठेवलं. गिऱ्हाईक आलं की पडद्याकडे बोट करून सांगत, "आत तक्रारपेटी आहे. फक्त हिला कुलूप नाही." गिऱ्हाइकं हसत. पडद्यामागे भांड्यांचा आवाज थोडा वेळ थांबे आणि पुन्हा सुरू होई.

"मुद्दाम केलंस," रात्रीच्या जेवणाला ते तिला म्हणाले.

"मुद्दाम कशाला करू? हिरडीला गाठ आल्यासारखी वाटतेय. बोट लावून बघा ना."

"मी तोंडात बोट घालत नाही, तुला माहितेय. नवा साचा काढू. साचा सांगेल."

साचा काढला. प्लॅस्टर सुकल्यावर ठसा सोडवला तर खालच्या जबड्यावर, डाव्या बाजूला, वाटाण्याएवढा एक गोळा.

आता इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. ठशाच्या लगद्यात हवेचा बुडबुडा राहिला की तिथे खळगा पडतो, आणि प्लॅस्टर ओतल्यावर त्या खळग्याचा साच्यावर गोळा होतो. हा गोळा तोंडात नसतो. तो नुसती हवा असतो, चुकून प्लॅस्टर झालेली. तो सुरीने खरवडून टाकायचा, हा कवळी करणाऱ्याचा पहिला धडा. मास्तरांनी उभ्या आयुष्यात असे इतके गोळे खरवडले होते, की आता हातच ते काम करी. डोक्याला विचारावं लागत नसे.

"श्वास घेतलास," ते म्हणाले.

"नको घेऊ?"

"लगदा घट्ट होईपर्यंत नको."

आणि त्यांनी गोळा खरवडून जागा बोटाने गुळगुळीत केली. त्या साच्यावर नवी कवळी केली. साच्यावर ठेवली की टक् असा आवाज करून अशी बसे, की ऐकणाऱ्याचे कान निवावेत. बायकोच्या तोंडात ठेवली की तिच्या डोळ्यांत पाणी येई. मास्तरांनी निळा कागद आणला, जो चावला की जिथे कवळी जास्त टेकते तिथे डाग उमटतो. डाग डावीकडे उमटला. त्यांनी तिथे घासलं. पुन्हा डाग, पुन्हा डावीकडे. घासता घासता कवळीतून आरपार उजेड दिसू लागला, तेव्हा त्यांनी कागद चुरगळून टाकला. कागद जुना होता म्हणे.

"तुमच्या साच्यात बसते, माझ्या तोंडात बसत नाही," बायको म्हणाली. "मग जेवायला साच्यालाच वाढत जा."

दुसऱ्या साच्याच्या वेळी तिने चेहरा लाल होईस्तोवर श्वास रोखून धरला. गोळा पुन्हा आला, त्याच जागी, आता बोराएवढा. "नाकाने घेतलास," मास्तर म्हणाले, आणि खरवडलं. तिसऱ्यांदा तो आणखी मोठा आला. सुरीला वेळ लागला. खाली पांढरा भुगा साठला. त्या भुग्याकडे बघता बघता मास्तरांना सगळा उलगडा झाला. एकदा आला तर तो बुडबुडा, दुसऱ्यांदा आला तर हयगय, पण तिसऱ्यांदा त्याच जागी येतो म्हणजे तो डाव असतो. ती हे करते आहे. कसं करते ते कळत नव्हतं, पण का करते ते त्यांना लख्ख कळलं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर माणसाला बायकोबद्दल जे सुचतं ते पटायला पुरावा लागत नाही.

तोंडाशिवायही तिच्या तक्रारी होत्याच. पाय दुखतात, कंबर दुखते, हाडं दुखतात.

"हाडं दुखतात? हाडांना दुसरं काम काय असतं?" मास्तर विचारत.

तहान लागे. घागरभर पाणी पिऊनही लागे, आणि मग ती सारखी लघवीला उठे. "आमच्याकडे नळ दोन आहेत," मास्तर गिऱ्हाइकांना सांगत. मध्येच तिला मुतखडा झाला. ती फरशीवर गडबडा लोळली, तेव्हा मास्तरांनी दुकानाचं दार लोटून घेतलं, कारण बाहेर एक गिऱ्हाईक ठसा देत होतं आणि आवाजाने ते हललं असतं. खडा पडला. तिने तो दाखवला. मास्तरांनी तो उजेडात धरला आणि म्हणाले, "फिनिशिंग चांगलं आहे." मग ती विसरू लागली. भाजीत मीठ घातलंय की नाही, गॅस बंद केलाय की नाही, आपण खोलीत कशाला आलो. कधी भिंतीकडे तोंड करून बसून राही आणि विचारलं तर म्हणे, "काही नाही. कशातच मन लागत नाही." "लागायला ते असावं लागतं," मास्तर म्हणत, आणि हा विनोद त्यांना स्वतःलाच इतका आवडे, की ते तो पुन्हा सांगत.

एक दिवस डब्याचं झाकण उघडताना तिचं मनगट मोडलं. ती पडली नाही, आपटली नाही. झाकण फिरवलं आणि झाकणाऐवजी हात फिरला. हाडांच्या डॉक्टरांनी प्लॅस्टर घातलं. मास्तरांनी घरी आल्यावर त्या प्लॅस्टरवर टिचकी मारून पाहिली.

"पाणी जास्त झालंय," ते म्हणाले. "माझ्या हाताखाली असता तर हाकलला असता."

हाडांचे डॉक्टर घाईत होते. वयामुळे हाडं ठिसूळ होतात, दूध प्या, कॅल्शियमच्या गोळ्या घ्या, असं सांगून त्यांनी पुढच्याला आत बोलावलं. रक्त काढायचं त्यांना सुचलं नाही. मास्तरांना हा उपचार मनापासून पटला. प्लॅस्टर आणि कॅल्शियम यांत त्यांना फारसा फरक वाटत नव्हता. दोन्ही पांढरं आणि दोन्हीनं वस्तू टणक होते. ते सकाळ-संध्याकाळ तिच्यासमोर उभे राहत आणि ती गोळी गिळेपर्यंत, दुधाचा पेला रिकामा होईपर्यंत हलत नसत. लग्नानंतर त्यांनी तिच्याकडे इतकं लक्ष पहिल्यांदाच दिलं होतं. तिला मळमळू लागलं, तहान दुप्पट झाली, पोट दगड झालं, ती दिवसाही झोपून राहू लागली.

"एवढं कॅल्शियम कुणाला घातलं असतं तर तो एव्हाना पुतळा झाला असता," मास्तर म्हणाले. "हिच्या अंगाला काही लागतच नाही. अंगालाही चांगुलपणा सोसत नाही."

मग त्यांची लेक आली. ती दुसऱ्या गावी बायकांचे कपडे शिवायची. आईला चहात पाव बुडवून खाताना पाहून तिने साबणाची डबी उघडली.

"बाबा, हे काय?"

"माझी तिसरी उत्कृष्ट कवळी."

"डबीत का आहे?"

"तुझ्या आईला विचार. साच्यावर बघ कशी बसते." त्यांनी फळीवरचा साचा काढून कवळी ठेवली. टक्.

लेकीने तो आवाज ऐकला. मग ती सावकाश म्हणाली, "बाबा, ब्लाऊज बसला नाही तर मी बाईचं माप पुन्हा घेते. पुतळ्याचं नाही."

"तुझा धंदा ढिला असतो. दोन टाके उसवले की झालं."

दुसऱ्या दिवशी लेक आईला घेऊन दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना पुढच्याच चौकात होता. मास्तरांकडे सगळ्यात जास्त काम त्यांचंच येई आणि मास्तरांना 'मास्तर' म्हणण्याची सुरुवातही त्यांनीच केली होती. त्यांनी हातमोजा घातला, बायकोच्या तोंडात बोट घातलं, डाव्या हिरडीवरून फिरवलं आणि मध्येच थांबवलं. घरात कुणीच न केलेली ही गोष्ट करायला त्यांना चहाचा घोट घेण्याइतकाही वेळ लागला नाही.

एक्स-रे काढला. जबड्याच्या हाडात एक पोकळी होती आणि आजूबाजूचं हाड वाळवी लागल्यासारखं विरळ झालं होतं. गाठीचा तुकडा तपासायला गेला. तपासणाऱ्यांनी कळवलं की ही कर्करोगाची गाठ दिसत नाही, पण रक्तातलं कॅल्शियम बघा. ते बघितलं तर नको इतकं वर होतं. मग आणखी एक तपासणी झाली. मग हातांचा फोटो. त्यात बोटांच्या हाडांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या. मग गळ्याची तपासणी. आठवडाभर बायको या खोलीतून त्या खोलीत जात राहिली, आणि प्रत्येक खोलीत कुणीतरी तिला विचारलं, "दुखतं कुठे?" ती सांगत राहिली. कुणी हसलं नाही. तिला ते जरा चमत्कारिकच वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना बोलावणं धाडलं. येताना बायकोचे अलीकडचे सगळे साचे घेऊन या. गाठ कधीपासून आहे ते त्यावरून कळेल.

आपले साचे पुरावा म्हणून मागवले गेले याने मास्तरांची छाती फुगली. त्यांनी तिन्ही साचे कापडात गुंडाळले, स्वच्छ शर्ट घातला आणि निघाले. दवाखान्यात खुर्चीवर बायको होती, शेजारी लेक उभी होती.

"गाठ जुनी नाही," मास्तरांनी बसता बसता सांगून टाकलं. "साचे बघा. एकावरही काही नाही."

डॉक्टरीणबाईंनी पहिला साचा उचलला, दिव्याखाली धरला आणि डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला. मग दुसरा. तिसऱ्यावर त्यांचा अंगठा बराच वेळ थांबला.

"मास्तर, इथे सुरी लागलीय."

"बुडबुडा होता."

"आणि यावर?"

"त्यावरही."

"तिन्ही साच्यांवर? एकाच जागी?"

"ही श्वास घेते," मास्तर म्हणाले.

लेकीने साचा हातात घेतला आणि त्या खरवडलेल्या जागेवर नख ओढलं. पांढरी धूळ तिच्या नखात राहिली. बायकोने साच्याकडे पाहिलंच नाही. ती मास्तरांकडे बघत होती, एखाद्या माणसाला पहिल्यांदाच बघावं तशी, आणि फार काही दिसलं नाही तशी.

"पहिल्या गोळ्याच्या वेळी कळलं असतं," डॉक्टरीणबाई साचा खाली ठेवत म्हणाल्या, "तर यांचं मनगट कदाचित वाचलं असतं."

"पण साचा तर..." मास्तरांनी सुरुवात केली.

"साच्याने सांगितलं होतं, मास्तर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तीनदा सांगितलं."

मोठ्या दवाखान्यातल्या ग्रंथींच्या डॉक्टरांनी सगळं समजावलं. ते म्हातारे आणि शांत होते. त्यांनी कागदावर गळा काढला आणि त्यात चार ठिपके दिले.

"गळ्यात मागच्या बाजूला या चार ग्रंथी असतात. पॅराथायरॉइड म्हणतात. तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तात कॅल्शियम किती असावं ते या ठरवतात. कमी पडलं की हाडांतून थोडं मागून घेतात, पुरलं की गप्प बसतात. यांची ही एक गप्पच बसत नाही. रक्तात कॅल्शियम उतू चाललंय तरी ती हाडांकडे मागतेच आहे, आणि हाडं बिचारी देताहेत. भिंतीच्या विटा काढून अंगणात ढीग लावावा तसं. म्हणून हाडं दुखली, मनगट मोडलं, पाठीचा एक मणका दबलाय, जबड्यात पोकळी होऊन त्यावर गाठ आली. ढिगातलं जास्तीचं मूत्रपिंडात गेलं, त्याचा खडा झाला. तहान, मळमळ, विसरणं, मन न लागणं, सगळं त्यातलंच."

"आणि आम्ही वरून गोळ्या चारत होतो," लेक म्हणाली. "दूध पाजत होतो."

"त्या आजच बंद. तो दबलेला मणका आता काही उंच व्हायचा नाही, पण गाठ आलेली ग्रंथी काढली की बाकी पुष्कळ सुधारेल. जबडा सांभाळा मात्र. मध्यंतरी काही टणक चावत नव्हतात ना?"

"सफरचंद," बायको म्हणाली. "गिऱ्हाइकांसमोर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "नशीब समजा. जबडाच मोडला असता."

बायकोने जरा विचार केला. मग अगदी हळू विचारलं, "म्हणजे डॉक्टर, मी नाटक करत नव्हते?"

"नाही हो. नाटक कसलं?"

"नाही, मलाही शेवटी शेवटी वाटायला लागलं होतं."

आता मास्तर काहीतरी बोलतील म्हणून लेक त्यांच्याकडे बघू लागली. मास्तर खुर्चीच्या कडेला सरकून बसले होते. ओठ हलत होते. त्यांच्या मनात काहीतरी मोठं चाललं होतं हे उघड होतं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "म्हणजे हाड आतून बदलत होतं."

"हो."

"म्हणजे तोंड रोज वेगळं होत होतं."

"तसं म्हणा."

"म्हणजे कवळी बरोबर होती."

म्हाताऱ्या डॉक्टरांनी आयुष्यात पुष्कळ नातेवाईक पाहिले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग चष्मा पुसला. "कवळीचं मला काही कळत नाही," ते म्हणाले. "कवळीला आजार नव्हता, एवढं सांगू शकतो."

मास्तरांना एवढं पुरलं. त्या संध्याकाळी त्यांनी चौकातल्या प्रत्येकाला गाठून सांगितलं की मोठ्या डॉक्टरांनी कवळी निर्दोष ठरवली. बायकोला काय झालंय असं कुणी विचारलं तर म्हणत, "ग्रंथी. पण मुद्दा तो नाही." कैक महिन्यांनी त्यांना गाढ झोप लागली. शेजारी बायको पाण्यासाठी उठत होती, पण आता तिच्या उठण्याचा त्यांना त्रास होत नव्हता. आता ते शास्त्रीय होतं.

शस्त्रक्रिया झाली. गळ्यातून बोराएवढी गाठ निघाली. नर्सने ती बाटलीत दाखवली, तेव्हा मास्तरांनी ती उजेडात फिरवून पाहिली आणि म्हणाले, "हाच तो बुडबुडा." लेकीने त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली.

आता उलटाच खेळ झाला. इतके दिवस लुटली गेलेली हाडं आता हावरटासारखी रक्तातलं कॅल्शियम ओढून घेऊ लागली. बायकोच्या ओठांना, बोटांना मुंग्या येऊ लागल्या. डॉक्टरांनी तिला कॅल्शियम सुरू केलं, शिरेतून आणि गोळ्यांनी.

"बघ," मास्तर लेकीला म्हणाले. "शेवटी माझ्याच गोळ्यांवर आले."

बायकोच्या गळ्यावर आडवी पट्टी होती, आवाज घोगरा झाला होता. बोलायचं कमी, असं सांगितलं होतं, म्हणजे तिच्यासाठी घरच्यापेक्षा वेगळं काही नव्हतं. पलंगाशेजारी लोखंडी टेबल होतं, त्याचा एक पाय आखूड होता. पेला ठेवला की टेबल झुके आणि पाणी तिच्या हातावर सांडे. लेकीने वर्तमानपत्राची घडी घालून पाहिली. ती लगेच दबली.

"काहीतरी टणक हवं," ती म्हणाली.

जबड्यातली गाठ आता हळूहळू ओसरेल, हाड भरून येईल, तोवर वर्षभर तरी खालची कवळी घालायची नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मास्तरांना ते ऐकू आलं नसावं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते दवाखान्यात आले ते निवृत्त हेडमास्तरांना घेऊन. सफरचंदाची गोष्ट जिथून सुटली होती तिथेच ती पुरायची, असा त्यांचा बेत होता. हेडमास्तरांच्या हातात फळांची पिशवी होती. आत डोकावून लेकीने ती पलंगाखाली सरकवली.

"यांना सांग," मास्तर बायकोला म्हणाले. "मोठे डॉक्टर काय म्हणाले ते सांग."

तिने गळ्याकडे बोट दाखवलं.

"बरं, मी सांगतो." ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले. शेजारच्या दोन पलंगांवरचे आजारीही कुशीवर वळले. "हेडमास्तर, तुम्ही त्या दिवशी हसलात. हसा, माझी हरकत नाही. पण आज विज्ञानाने निकाल दिलाय. हाड चुकलं होतं, ग्रंथी चुकली होती, हिचं सगळं अंग चुकलं होतं. सगळ्या प्रकरणात एकच वस्तू अशी होती, की जिने आपली जागा सोडली नाही, आपला आकार सोडला नाही, कधी तक्रार केली नाही." त्यांनी खिशातून डबी काढली. साबणाची नव्हे, मखमलीची. "ती ही. घडवल्या दिवशी जशी होती तशी. उद्या हिच्या हाडाला अक्कल येईल आणि ते आपण होऊन कवळीच्या मापाचं होईल. माणसाने कवळीला शोभेल असा जबडा ठेवावा. मी एवढंच म्हणत होतो. इतकी वर्षं मी एवढंच म्हणत होतो."

त्यांनी खरोखरच रुमालाने डोळे टिपले. हेडमास्तर अवघडून पिशवीच्या दिशेने बघत राहिले. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, "केवढं प्रेम हो." लेक खिडकीबाहेर बघत होती.

बायकोने हात पुढे केला. मास्तरांनी डबी उघडली, खालची कवळी रुमालाने पुसली आणि दोन्ही हातांनी तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती उजेडात धरली. उलटी केली. डाव्या बाजूवरून अंगठा फिरवला, डॉक्टरीणबाईंनी फिरवला होता तसाच. मग बोटांत धरून ती किती जाड आहे याचा अंदाज घेतला. मास्तर वाट बघत होते.

"अहो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि कवळी त्यांना परत दिली. "ही त्या टेबलाच्या पायाखाली घालून बघा. बसली तर राहू द्या."